एक जूनचा गाव

एक जूनला आमच्या गावात किती वाढदिवस असतात, ओळखा बरं. दहा म्हणाल, वीस म्हणाल. अहो, निम्मा गाव त्या दिवशी जन्मलाय! सासू एक जूनची, सून एक जूनची, बांधावरून तीस वर्षं भांडणारे दोघे शेजारी, तेही एक जूनचेच. गावाचा व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे. त्यावर त्या दिवशी सकाळपासून केकची चित्रं आदळायला लागतात. मी फोन चार्जिंगला लावतो आणि बाहेर ओट्यावर येऊन बसतो. हा सगळा उपद्व्याप माझाच आहे, सांगणार कुणाला?

मी बाळासो गुरुजी. वय चौऱ्याऐंशी, तेही अंदाजेच. गाव भीमेकाठचं, शिरूर तालुक्याच्या पार टोकाला. नदी ओलांडली की दौंड. गावाचं नाव सांगत नाही. पुढचं ऐकलंत की का सांगत नाही ते कळेल. एकोणीसशे बासष्टला इथल्या शाळेत रुजू झालो आणि इथूनच रिटायर झालो.

त्या काळात जन्माच्या नोंदी कोण ठेवत होतं? बाई पोराला दंडाला धरून ओढत आणायची आणि म्हणायची, "घाला ह्याचं नाव." कधी जन्मला विचारलं की एकेक उत्तर यायचं. "पानशेत फुटलं तवा ह्यो पोटात व्हता. पुण्याची भांडीकुंडी, दारंखिडक्या नदीतनं वाहत येत व्हत्या, आन् ह्याचा बाप काठावर आकडी घेऊन उभा." "कोयनेला जमीन हालली त्या पहाटंची ही. उतरंड गडगडली आन् ही बाहेर आली." म्हातारी माणसंही कसल्या कसल्या कामाला दाखला मागायला यायची. "मानमोडीच्या साथीत माझी आई गेली, तवा मी अंगावर पीत व्हतो." झालं, अठरा साल. "गांधीबाबाला मारलं त्या साली माझं लगीन झालं, तवा मी नऊ वर्सांची." करा वजाबाकी. साल काढण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. पण दिवस कुठून आणायचा? शाळा जूनला भरायची, पोराला सहा पुरी झालेली हवीत. मग लिहा एक जून, चला, पुढचा या. नंतर नंतर तर मी विचारायचंही सोडून दिलं.

ह्या एप्रिलात आनंदराव आला. आनंदराव म्हणजे जुने सरपंच बापूसाहेब, त्यांचा मुलगा. माझाच विद्यार्थी, आता शाळा समितीचा अध्यक्ष. बापूसाहेबांना जाऊन वीस वर्षं झाली, पण तालुक्यात अजून त्यांच्या नावावर चहा मिळतो.

"गुरुजी, शाळेला शंभर वर्सं झाली," तो म्हणाला. "एक मेला दणक्यात कार्यक्रम घ्यायचाय. बापूंच्या फोटोचं अनावरण, मग तुमचा सत्कार. आन् भिंतीवर मोठा तक्ता रंगवायचा, शंभर वर्सांचा गाव. दर दहा वर्सात देशात काय झालं, गावात काय झालं. पेंटर ठरलाय. मजकूर तुमी द्यायचा."

"मला कंटाळा आलाय, आनंदा. कुठल्या साली काय झालं, जलमभर तेच केलं. तुझा एक जूनचा फ्लेक्स लागतो ना चौकात, गॉगल घालून? तू पानशेतच्या पुरातला. जुलैतला हायेस तू."

"ऱ्हाऊ द्या की गुरुजी," तो हसला. "आता आधारवर बी तेच हाय."

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या शितल मॅडम जुनी जनरल रजिस्टरं घेऊन आल्या. पोराचं नाव शाळेत घातलं की नावगाव, जन्मतारीख ह्याच रजिस्टरात चढते. तक्त्याला आधार म्हणून आणली होती. चार जाडजूड बाडं. मला बघूनच शिंका यायला लागल्या.

तरी बसलो लिहायला. पंचवीस साली मारुतीच्या देवळात शाळा भरली, पोरं अकरा. सत्तेचाळीसला झेंडा लागला; ज्या बांबूला लावला तो अजून शाळेच्या माळ्यावर पडलाय. मग मोटा गेल्या आणि इंजिनं आली, इंजिनं गेली आणि विजेच्या मोटारी आल्या. बाया नऊवारीतून पाचवारीत आल्या तेव्हा पारावर आठ दिवस दुसरा विषय नव्हता. बहात्तरचा दुष्काळ. मग आणीबाणी, तेव्हा नसबंदीच्या केसेस आणायचं लचांड आम्हां मास्तरांच्या गळ्यात. चौऱ्याऐंशीला गावातला पहिला टीव्ही बापूसाहेबांच्या पडवीत लागला आणि सगळ्या आळ्यांतली माणसं पहिल्यांदा त्यांच्या अंगणात एका जागी बसली. मग रांजणगावला कंपन्या आल्या, वडगाव रासाईपासून इनामगावपर्यंतची पोरं डबा घेऊन तिकडं जायला लागली. लिहिता लिहिता मी दमून गेलो. एवढं सगळं डोळ्यांदेखत होऊन गेलं आणि मला त्यातल्या कशाचं काही वाटेना झालंय.

अठ्ठ्याहत्तर सालापाशी मी थांबलो. त्या साली मुलींच्या लग्नाचं वय कायद्यानं अठरा झालं. तेवढी एक ओळ लिहिली आणि पेनाला टोपण लावलं.

त्याच दुपारी शेवंताबाई आली. "गुरुजी, बसू का जरा?" म्हणत पायरीवरच टेकली. ही हौसरावाची लेक, माझी विद्यार्थिनी. बापूसाहेबांच्या पुतण्याला दिली होती. नवरा गेला तेव्हा तिशीत होती. तेव्हापासून गावच्या अंगणवाडीत मदतनीस. तीस वर्षं गावाची पोरं तिच्या हातची खिचडी खाऊन मोठी झाली.

"कागद आलाय," ती म्हणाली. "एक जूनला पासष्ट पुरी म्हणं. एकतीस मेला घरी बसा."

"सगळ्यांनाच बसावं लागतं, शेवंता."

"पर माझी एकसष्ट बी पुरी न्हाईत! आई म्हणायची, नेहरू गेले त्याच्या दुसऱ्या दिशी तू झालीस. नेहरू कवा गेले, गुरुजी?"

"चौसष्ट साली."

"मग? माझी चार वर्सं कुठं गेली? माझ्या आबांनीच नाव घालताना कायतरी उलटंपालटं सांगितलं आसंल. त्यांचं ध्यान कुठं असायचं? तुमच्या रजिस्टरात बघा की."

मी पेनाचं टोपण काढून परत लावलं. ती पदराशी खेळत बसली, मग म्हणाली, "पोरगा म्हणतो, कारेगावला चल. एक खोली, तिथं ती चार माणसं, कंपनीच्या पाळ्या. दिवसा तो झोपणार, रातच्याला ती सून. मी दाराआड बसून काय करू? हितं सकाळी नऊ वाजले की सोळा पोरं 'शेवंता आजी' करत पळत येत्यात. चार वर्सं मिळाली तर हातपाय हालत्यात तवर माझ्या घरात, माझ्या चुलीपाशी राहीन. दुसरं काय मागत न्हाई मी."

सत्तर सालचं रजिस्टर माझ्या मांडीखाली होतं. खरंच मांडीखाली, खुर्ची बुटकी म्हणून त्यावर बसलो होतो. आणि मी काय म्हटलं? म्हटलं, "शेवंता, ते पान वाळवीनं खाल्लंय गं."

"माझं नशीबच वाळवीनं खाल्लेलं," म्हणाली आणि उठून गेली. मी थू माझ्या तोंडावर असं स्वतःलाच म्हटलं, पण हाक मारली नाही.

चार दिवसांनी शितल मॅडम मजकूर न्यायला आल्या. पोरगी हुशार, नको तिथं बघणारी. रजिस्टर चाळता चाळता म्हणाल्या, "गुरुजी, गंमत बघा. पानंच्या पानं एक जून. आणि ही एकच वेगळी तारीख, अठ्ठावीस मे एकोणीसशे चौसष्ट. तीच नेमकी लाल शाईनं खोडलीय आणि वर लिहिलंय एक जून साठ. खाली तुमची सही आहे."

"आहे."

"का खोडली?"

मी पाणी प्यायलो. मग म्हटलं, उद्या सांगतो. त्या गेल्या. जे त्यांना त्या दिवशी सांगता आलं नाही ते इथं सांगतो.

अठ्ठावीस मे चौसष्ट. पंचायतीच्या रेडिओभोवती गाव जमला होता. दिल्लीत नेहरूंची अंत्ययात्रा निघाली होती, तिचं वर्णन चालू होतं. म्हातारी माणसं डोळे पुसत होती. मीही तिथंच होतो, तेवीस वर्षांचा. तेवढ्यात हौसराव धावत आला, धोतराच्या सोग्यात साखर. लेक झाली म्हणून वाटायला आणलेली! तीन पोरगे पुरले होते त्यानं, ही जगली, रडली, म्हणून त्याला राहवेना. लोक त्याच्या अंगावर धावले. "आरं, आज कसली साखर वाटतोस? लाज हाय का?" बिचारा तसाच सोगा आवळून घरी गेला. सहा वर्षांनी तोच त्या पोरीला शाळेत घेऊन आला तेव्हा मी तारीख विचारलीच नाही. मला ठाऊक होती. माझ्या सगळ्या नोकरीत दिवसासकट खरी लिहिलेली ती एकच तारीख.

दुष्काळात पोरीची दोन वर्षं आईबरोबर खडी फोडण्यात गेली. तरी परत आली आणि सगळ्यांच्या पुढं गेली. "गुरुजी, मला मास्तरीण व्हायचंय," म्हणायची. एकोणऐंशीच्या एप्रिलात सातवीची परीक्षा दिली तेव्हा चौदा वर्षांची होती. आणि तेव्हाच बापूसाहेब शाळेत आले. कारखान्याच्या पटांगणात आखितीला, अक्षय तृतीयेला, सामुदायिक लग्नं लागणार होती. त्यात ह्यांचा पुतण्या, वय सव्वीस, आणि हौसरावाची शेवंता.

"नवा कायदा झालाय, गुरुजी," बापूसाहेब म्हणाले. "पुढारी येणार, वयाचे कागद लागत्यात. एक अठराचा दाखला द्या. तुमची बदली भोरच्या डोंगरात निघालीय म्हणं? मी बोलतो जिल्हा परिषदेत."

माझ्या बायकोला, साखरबाईला, सहावा महिना होता. नुकतंच घर बांधलं होतं. आणि तारीख लिहिणं हे काय मला नवीन होतं का? शेकड्यांनी लिहिल्या होत्या, सगळ्या खोट्या. एक आणखी. रजिस्टर आणि दाखला जुळायला हवा म्हणून जुनी खोडली, लाल शाईनं. लग्नात पुढाऱ्यानं भाषण ठोकलं, आमच्या भागात अठराच्या आत एकही लग्न लागत नाही. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. दोन दिवसांनी, एक मेला, झेंड्यानंतर शाळेत निकाल वाचला: सातवीत पहिली, शेवंता हौसराव. पोरं टाळ्या वाजवत मागं बघायला लागली, ती कुठं बसलीय म्हणून. ती सासरी भाकरी थापत होती. माझी बदली रद्द झाली.

शितल मॅडमना दुसऱ्या दिवशी सांगायचं होतं, पण त्याआधी मी अंगणवाडीत गेलो. पोरं घरी गेली होती. शेवंताबाई खिचडीचं पातेलं घासत होती.

"शेवंता, पान शाबूत हाय," मी म्हटलं. आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. बदलीचं, लाल शाईचं, रजिस्टरावर बसून खोटं बोललो तेही.

ती पातेलं घासतच राहिली. मग म्हणाली, "म्हंजी आबांनी चुकीचं न्हाई सांगितलं."

"न्हाई. हौसरावानं तर साखर आणली व्हती वाटायला. मीच लिहिली तारीख आन् मीच खोडली."

"मेलेल्या बापाला कागद आल्यापासून शिव्या घालतीय मी!" तिनं पातेलं आपटलं. "माझं लगीन त्यांनी लावलं, ते येगळं. त्यांचं त्यांच्यासंगं गेलं. पर तुमी, गुरुजी? तुमाला तर ठावं व्हतं. पंधराव्या वर्सी दिस गेले मला. दौंडला न्हेलं तवा डॉक्टरीण विचारती, वय किती गं तुझं? मी म्हणलं, एकुणीस. घरच्यांनी पढवलेलं. तुमचा दाखला व्हता त्यांच्याजवळ. ते पोर ऱ्हायलं न्हाई. हे आसं एवढं व्हतं." तिनं ओल्या हातांनी दाखवलं.

मला बसावंसं वाटत होतं, पण अंगणवाडीत सगळ्या खुर्च्या पोरांच्या. मी भिंतीला धरून उभा राहिलो. तिनं बस म्हटलं नाही, आणि का म्हणावं?

शेवटी तिनं हात पुसले. "माझ्या तोंडाकडं बघू नका आता. शिरूरला चला. हापिसात लिहून द्या."

शितल मॅडमनी रजिस्टरच्या पानाची नक्कल काढली, मुख्याध्यापकांची सही-शिक्का आणला आणि माझा जबाब टाईप करून दिला. गावात असली गोष्ट किती वेळ लपते? दुसऱ्या दिवशी सकाळी आनंदराव हजर.

"गुरुजी, म्हातारपणी हे काय खूळ काढलं? एक मेला बापूंचा फोटो लागायचाय."

"लाव की. मी कुठं नको म्हणतोय?"

"वैनीला काय कमी पडतंय ते मी बघतो. घरातली गोष्ट हाय, घरात ऱ्हाऊ द्या."

"चार वर्सं देतोस का तिला तुझ्या घरातनं?"

"आवो पर तुमच्यावर केस झाली मंजी?"

"व्हऊ दे. मला आत टाकलं तर माझ्या गोळ्या, माझं पथ्यपाणी सगळं सरकारच्या गळ्यात. त्यांचंच मरण."

तो हसला नाही. बाप काढू नका एवढंच म्हणाला आणि गेला. त्याचंही खोटं नव्हतं. बापूसाहेब त्याचा बाप होता, आणि गावाला रस्ता, पाणी, लाइट त्यांनीच आणली. ते मी तक्त्यात लिहिलंही होतं.

शिरूरला एसटीनं गेलो. शेवंताबाई पुढच्या सीटवर बसली, मी मागं. अंगणवाड्यांच्या ऑफिसात एक तरुण मॅडम होत्या. बोलायला चांगल्या. त्यांनी कागद दोनदा वाचले आणि माझ्याकडं बघितलं.

"गुरुजी, खोटा दाखला दिला असं तुम्ही स्वतःच लिहून देताय. ह्याचा अर्थ माहिती आहे ना?"

"मला नाही तर कुणाला माहिती असणार, बाई?"

"पण ह्याचा उपयोग नाही हो," त्या म्हणाल्या. "तारीख बदलायची तर नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांत अर्ज द्यावा लागतो. तीस वर्षांनी नाही चालत. मी वर पाठवते, पण उत्तर मला आत्ताच माहीत आहे."

"मला आत्ता कळलं, मॅडम," शेवंताबाई म्हणाली. "तवा कसा देणार अर्ज?"

"मावशी, खरं आहे तुमचं. पण नियम आहे. आणि चार वर्षांचंच तर आहे. किती राबणार अजून? आता आराम करा."

"व्हय, चार वर्सांचंच हाय," शेवंताबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "चौदा ते अठरा. तवाची गेली ती गेली. तेवढीच हिकडं शेवटाला मिळत्यात का बघत व्हते."

मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. शेवंताबाईनं तो घेतला नाही. मग त्यांनी अर्ज आवकला लावला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारला आणि पोच म्हणून माझ्या हातात दिली. मी ती घडी करून खिशात घालणार, तेवढ्यात शेवंताबाईनं हात पुढं केला.

"ती मला द्या."

"आता काय उपयोग तिचा?"

"त्याच्यावर माझी तारीख हाय. वर सरकारी शिक्का हाय." तिनं कागद पिशवीत घातला, भाजीच्या वर, चुरगळणार नाही असा. स्टँडवर मी चहा विचारला. नको म्हणाली.

एक मेच्या कार्यक्रमाला मी गेलो नाही. ताप आला म्हणून सांगितलं. म्हाताऱ्याचा ताप कोण बघायला येतंय? शाल आणि नारळ घरी पोचले. शाल अजून तशीच पिशवीत आहे. तक्त्यात मी अठ्ठ्याहत्तरच्या ओळीखाली लिहून दिलं होतं, "आपल्या गावानं हा कायदा पाळला नाही. शाळेनं खोटे दाखले दिले. दाखले देणारा: बाळासो गुरुजी." शितल मॅडम भांडल्या म्हणे त्या ओळीसाठी. पण भिंतीवर वरची तेवढी रंगवली, खालच्या ओळीच्या जागी कमळाचं फूल काढलं. संध्याकाळी काठी टेकत जाऊन बघून आलो. पेंटरचं अक्षर चांगलं आहे.

अठ्ठावीस मेला मी शेवंताबाईकडं गेलो. दारात पोती बांधून ठेवली होती. एकतीसला पोरगा टेम्पो घेऊन येणार होता. आत ती भांडी कागदात गुंडाळत होती. मी पुडी पुढं केली.

"काय हे?"

"साखर. तुझ्या बापानं त्या दिवशी वाटायला आणलेली, लोकांनी वाटू दिली न्हाई. मी बी तिथं व्हतो. मी बी काय बोललो न्हाई."

तिनं पुडी उघडली, चिमूटभर तोंडात टाकली. डोळे भरून आले तिचे, पण पुसले नाहीत. "लई उशीर केला, गुरुजी," म्हणाली.

"व्हय. केला."

तिनं पुडी मिटली आणि चहाच्या डब्यात ठेवली. मला दिली नाही. मीही मागितली नाही.

मग एक जून आला. ह्या वेळी फोन चार्जिंगला लावला नाही, हातात धरून बसलो. सकाळी आनंदरावानं ग्रुपवर भली मोठी यादी टाकली, "खालील सर्वांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा." त्रेसष्ट नावं. एकोणचाळिसावं शेवंताबाईचं, पुढं लिहिलेलं, "सेवानिवृत्तीच्याही शुभेच्छा." खाली केक, फुगे, हात जोडलेले, सगळं सुरू झालं.

नऊ वाजता, अंगणवाडी उघडायच्या वेळेला, कारेगावहून तिचा मेसेज आला. आधी शिरूरच्या त्या पोच-पावतीचा फोटो, शिक्क्यासकट. त्याखाली तिनं एका बोटानं टाइप केलं असणार, कारण बराच वेळ नुसतं टायपिंग टायपिंग दिसत होतं: "माझा आज न्हाई. माझा २८ मेला झाला. मला एकसष्ट पुरी झाली."

केक यायचे थांबले. मी चष्मा पुसला. एवढ्या वर्षांत पोरांच्या पाटीवर, वहीवर जे लिहीत आलो तेच त्याखाली लिहिलं, "बरोबर." आणि माझं नाव घातलं.

थोड्या वेळानं कुणीतरी पुन्हा केक टाकला.